खोट्या युनिटचं भांडण

आमच्या साहेबांनी प्रेझेंटेशनमध्ये ऑफिसच्या काचेच्या इमारतीचा फोटो टाकला होता. तो पडद्यावर आला तेव्हा इमारतीचे वरचे मजले ठीक होते, मधल्या मजल्यांच्या जागी हिरव्या-जांभळ्या पट्ट्या होत्या आणि तळमजला नव्हताच. साहेबांनी आधी पडद्यावर हात फिरवून पाहिला. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "क्या रे ये? मेरी बिल्डिंग को क्या किए तुम लोग?" तेवढ्यात अख्खं मशीनच बंद पडलं, म्हणून उत्तर द्यायची वेळ आमच्यावर आली नाही.

'तुम लोग' म्हणजे मी आणि माझा एक सहकारी. मी पुण्याहून हैदराबादला आले होते. पुण्यात तेव्हा कंपन्या नव्हत्या असं अजिबात नाही. पण पुण्यात माझे नातेवाईकही होते, आणि तिशी ओलांडलेली, बिनलग्नाची, वर कॉम्प्युटरच्या पोटात हात घालून बसणारी मुलगी हा त्यांच्या चहाबरोबरचा कायमचा विषय झाला होता. हैदराबादेत माझी एकही मावसआत्या नव्हती. पगाराचं बोलणं व्हायच्या आधीच मी होकार देऊन टाकला.

सहकारी मात्र पक्का हैदराबादी मराठी. त्याच्या आजोबांची शेती जुन्या निजामी राज्यात, उदगीरकडे. वडील सिकंदराबादला रेल्वेत लागले आणि घर अंबरपेठेत झालं. त्याचं मराठी पहिल्या दिवशी ऐकलं तेव्हा मला वाटलं हा हिंदी बोलतोय. माझं ऐकून त्याला वाटलं मी बातम्या वाचतेय. "तू एवढं सोजळ कायको बोलतीस?" त्याने विचारलं. मराठी वाचायची वेळ आली की तो दुकानाची पाटी असली तरी बोट ठेवून वाचायचा. पण मेमरीचा नकाशा त्याच्यासमोर ठेवला की तो कादंबरीसारखा सरसर वाचत जायचा, मधे हसायचासुद्धा.

त्याच्या घराची वरची खोली रिकामी होती, ती मी भाड्याने घेतली. खाली तो आणि त्याची आई. पहिल्या दिवशी मी तिला 'काकू' म्हटलं. "काकू-बिकू नको," ती म्हणाली, "दवाखान्यात नंबर लावल्यावानी वाटतंय. मावशी म्हण." अशी हैदराबादेत मला आयती एक मावशी मिळाली. गल्लीत विचारणाऱ्यांना ती मी तिची भाची आहे असं सांगायची. रोज सकाळी भाची तिच्या मुलाच्या स्कूटरवर मागे बसून माधापूरला जाते हे बघून गल्लीने जो काय तो अर्थ काढला होता. मावशीने तो खोडलाही नाही आणि कबूलही केला नाही.

तर ती इमारत. आमचं काम होतं एका मशीनला अनेक मशीन असल्यासारखं वागायला लावायचं. अशा मशीनच्या आत जी सिस्टिम चालते तिला गेस्ट म्हणतात. गेस्टला वाटतं की सगळी मेमरी आपली एकटीची आहे आणि तिचे पत्ते शून्यापासून सुरू होतात. खऱ्या मेमरीत ती असते भलतीकडेच. गेस्ट जो पत्ता मागते त्याचा खरा पत्ता कोणता, हे प्रोसेसर मधल्यामध्ये पाहून घेतो, त्यामुळे तिला आयुष्यभर पत्ता लागत नाही. इथवर सगळं ठीक होतं. पण साहेबांनी परदेशातल्या एका गिऱ्हाईकाला शब्द दिला होता, की गेस्टला आम्ही नाटकातलं, म्हणजे सॉफ्टवेअरने उभं केलेलं, नेटवर्क कार्ड देणार नाही, खरं कार्ड थेट तिच्या हातात देऊ, म्हणजे काम वेगात होईल. आणि नेटवर्क कार्ड हा प्राणी असा आहे की ते मेमरीत लिहिताना प्रोसेसरला विचारत नाही. गेस्टने कार्डाला सांगितलं, आलेला माल अमुक पत्त्यावर टाक. कार्डाने त्या नंबरच्या खऱ्याखुऱ्या मेमरीत टाकला. तिथे साहेबांची बिल्डिंग होती.

यावर उपाय निघाला होता, पण तो नव्या मदरबोर्डात होता. त्या बोर्डावर कार्ड आणि मेमरी यांच्यामध्ये पत्ते बदलणारं एक वेगळं युनिट बसवलेलं असायचं. देशाचा बाजार मोकळा होण्याआधी असा बोर्ड मागवायला दिल्लीत कोणाकोणाच्या पाया पडावं लागलं असतं, असं साहेब सांगायचे. आमच्या वेळी तो कुरिअरने आला आणि दिवाळीच्या मिठाईच्या खोक्यांखाली रिसेप्शनवर सापडला. सहकाऱ्याने ते युनिट अंगावर घेतलं. त्याच्यासाठी तक्ते भरायचे असत: या कार्डाने हा पत्ता मागितला तर तो खरा अमुक समज, आणि भलतंच काही मागितलं तर हाकलून दे. त्याने ते भरले. कार्ड गेस्टच्या मेमरीत लिहू लागलं, फक्त तिच्याच मेमरीत. साहेबांनी सगळ्या मजल्याला मिरची भजी चारली आणि त्याच आनंदात गिऱ्हाईकाला आणखी एक शब्द देऊन बसले.

गिऱ्हाईकाला आता गेस्टच्या आतसुद्धा तसलं युनिट हवं होतं. म्हणजे गेस्टला स्वतःचे तक्ते स्वतः भरता यावेत, कारण तिच्या आत त्यांची आणखी काही लहान मशीनं चालायची होती. खरं युनिट तर एकच, आणि ते आमच्या ताब्यात. तेव्हा गेस्टपुढे एक खोटं युनिट उभं करायचं ठरलं, आणि ते काम माझ्याकडे आलं. गेस्ट माझ्या खोट्या युनिटचे तक्ते भरणार, मी ते वाचून सहकाऱ्याला देणार, तो खऱ्या युनिटमध्ये घालणार. मला सोंग वठवायची हौस लहानपणापासून. मी त्या युनिटचं जाडजूड मॅन्युअल आबिड्सच्या एका झेरॉक्सवाल्याकडून छापून, स्पायरल घालून आणलं. "कौन से एग्जाम का है, मॅडम?" त्याने कौतुकाने विचारलं. "नौकरी का," मी म्हटलं. "पास हो जाएंगे," तो म्हणाला.

मी खरं युनिट समोर ठेवून त्याचा प्रत्येक रकाना उतरवला. ते कोणत्या प्रश्नाला काय उत्तर देतं, कुठे शून्य सांगतं, कुठे एक सांगतं, सगळं हुबेहूब. गेस्टने त्याच्याकडे पाहिलं आणि कसलीही शंका न घेता कामाला लागली. मला फार बरं वाटलं.

मग दगाबाजी सुरू झाली. काही वेळ सगळं झकास चालायचं, आणि मधेच कार्ड बोंब मारायचं की मला ज्या पत्त्यावर लिहायला सांगितलं तो पत्ता इथे कोणाला माहीतच नाही. थोड्या वेळाने आपोआप पुन्हा चालू. पुन्हा बोंब. सहकाऱ्याचं म्हणणं, माझं युनिट त्याला नव्या नोंदी देतच नाही. माझं म्हणणं, गेस्ट मला जे कळवते ते सगळं मी देते, तोच वाटेत सांडतो.

साहेबांसमोर तो म्हणाला, "सर, मॅडम का युनिट नकली है."

"नकलीच असायचं होतं ना ते!" मी मराठीतच ओरडले.

साहेबांना मराठी येत नव्हतं, पण सूर कळला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे असून ते मला 'अम्मा' म्हणायचे, तेलुगू घरांत म्हणतात तसं. "अम्मा," ते त्यांच्या हिंदीत म्हणाले, "गिऱ्हाईकाचे पाहुणे बघायला येतायत. चूक एकाची पाहिजे. दोघांची असेल तर मी त्यांना सांगू काय?"

त्या संध्याकाळी खैरताबादच्या सिग्नलला स्कूटर थांबली होती. तो मान न वळवता म्हणाला, "तू मॅन्युअलची पूजा करतीस. कधी डोकं पण लावत जा."

मी उतरले. सिग्नल सुटला, मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्ला केला, त्याला पुढे जावंच लागलं. मी ताठ मानेने समोर जी बस आली तिच्यात चढले. ती सिकंदराबादची निघाली. रागात बसची पाटी वाचायचं राहून गेलं होतं, आणि ती होतीही तेलुगूत. स्टेशनसमोर उतरून मी उसाचा रस प्यायले, मग आणखी एक प्यायले, आणि मला जाणवलं की हैदराबादेत मी रागवून जाऊ शकेन असं एकही ठिकाण नाही. पुण्यात निदान डझनभर होती. गपचूप अंबरपेठची बस विचारून घेतली.

मावशी फाटकात उभी होती. "तो एकटाच आलाय," ती म्हणाली. "तुला कुठं सांडलं?"

"मी उतरले."

"चालत्या गाडीवरून?"

"सिग्नलला, मावशी."

"मग ठीक," म्हणून ती आत गेली.

पुढचे काही दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसून इंग्रजीत मेल पाठवायचो, तेही 'डिअर' लिहून. मी बसने जायचे, दोन ठिकाणी बदलून. घरी निरोप मावशीमार्फत जायचे. ती जिन्याखाली उभी राहून हाक मारायची, "तो म्हणायलाय, तुझं दळण आणलंय!" मी वरून म्हणायचे, "त्याला थँक्यू म्हणा!" तो आतून, मला स्पष्ट ऐकू येईल अशा आवाजात, "तिला बोल, हौ!" हा खेळ तिने आठवडाभर सहन केला. मग एका रविवारी सकाळी तिने मला खाली बोलावलं.

अंगणात चटई टाकून तिच्यावर अंबाडीच्या भाजीचा ढीग ठेवला होता. एवढी अंबाडी मी आयुष्यात पाहिली नव्हती. शेजारच्या घरात काही कार्य होतं आणि मावशीने भाजीचा वाटा उचलला होता. ढिगाच्या एका बाजूला सहकारी आधीच तोंड पाडून बसला होता.

"तू तिकडून बस," मावशी मला म्हणाली. "पानं खुडा. अन् काय भांडायचं ते इथं माझ्यासमोर भांडा. घरात कोणी मेल्यावानी करायलेत दोघं."

"तुला नाही समजत अम्मी, नक्को," तो म्हणाला.

"मला समजायची काय गरज हाय? तुम्हाला तरी समजतंय का?"

आम्ही दोघांनी एकेक जुडी ओढून घेतली. मग त्यानेच सुरुवात केली, आईकडे बघून, माझ्याबद्दल. "हे बघ. गेस्ट नवी जागा उघडती. कार्डाला बोलती, इथं माल टाक. मला कोणी बोललंच नाही की ही जागा उघडली. मग मी खऱ्या युनिटमध्ये काय टाकू? माझं डोस्कं?"

"गेस्ट कळवेल तेव्हा मी कळवते," मी पण मावशीलाच म्हणाले. "तिने नाही कळवलं तर मी काय मनाने रचून सांगू?"

"पण ती कायको नाही कळवत?"

"कारण तिला कळवायची गरजच नाही!" आता मी सरळ त्याच्याकडे वळले. "मॅन्युअलमध्ये लिहिलंय. जुनी नोंद पुसली तरच युनिटला कळवायचं, कारण युनिटने ती लक्षात ठेवलेली असते. रिकामी जागा युनिट लक्षात ठेवत नाही. नवी नोंद टाकली तर कशाला कळवायचं? युनिटला लागेल तेव्हा ते तक्ता उघडून बघतं."

"खरं युनिट बघतं," तो म्हणाला.

"हो, खरं यु..."

माझ्या हातात अंबाडीची काडी तशीच राहिली. खरं युनिट गेस्टचा तक्ता हवा तेव्हा स्वतः उघडून बघतं. पण इथे खऱ्या युनिटसमोर गेस्टचा तक्ता नव्हताच. त्याच्यासमोर सहकाऱ्याने उतरवलेली प्रत होती. गेस्टने आपल्या तक्त्यात नवी ओळ लिहिली तर त्या प्रतीत ती आपोआप उगवणार थोडीच.

"मग मधेच चालू कसं होतं?" त्याने विचारलं. आवाज एकदम साधा झाला होता.

"तिने जुनं काही पुसलं की ती आपल्याला सांगते. त्या निमित्ताने आपण तिचा अख्खा तक्ता परत वाचतो. मधल्या काळात काही नवं आलेलं असेल तर ते त्यात सापडतं."

"अब्बा," तो तेलुगूत 'बाप रे' म्हणाला, आणि मागे हात टेकून आभाळाकडे बघत बसला.

"झालं का?" मावशीने विचारलं.

"झालं, मावशी."

"मग हात चालवा. अर्धी तशीच हाय."

दुपारी माझ्या खोलीत आम्ही दोघांनी मॅन्युअल पालथं घातलं. मॅन्युअल लिहिणाऱ्यांनी आमच्यासारख्या सोंगाड्यांचा विचार आधीच करून ठेवला होता. युनिटच्या माहितीत एक खूण होती. ती शून्य असेल तर अर्थ असा की मला फक्त पुसलेलं कळवलं तरी चालेल. एक असेल तर, मी रिकाम्या जागाही लक्षात ठेवतो, तेव्हा नवं काही लिहिलंस तरी मला सांग. आमच्या बोर्डावरचं खरं युनिट तिथे शून्य सांगायचं, म्हणून माझंही सांगत होतं. चूक सोंग जास्त चांगलं वठवणारीची की प्रत ठेवून गप्प बसणाऱ्याची, यावर आमचं आजही एकमत नाही आणि मी ते होऊही देणार नाही. साहेबांना आम्ही सांगितलं की चूक मॅन्युअलच्या मांडणीत होती. ते खूष झाले.

शून्याचा एक केला. कार्डाची बोंब थांबली. दोन दिवस आम्ही त्या मशीनला नाही नाही ते करून पाहिलं, ते ढिम्म हललं नाही. सोमवारपासून मी परत स्कूटरवर होते आणि गल्लीने सुटकेचा निःश्वास सोडला. तिसऱ्या दिवशी सहकाऱ्याने वेग मोजला आणि खुर्ची माझ्याकडे ओढून हळूच म्हणाला, "एक खराब बात आहे."

गेस्ट आता आम्हाला सगळं सांगत होती. प्रत्येक बारकी नोंद, प्रत्येक वेळी. तिने काही सांगितलं की तिला थांबवायचं, आम्ही ऐकायचं, प्रत सुधारायची, तिला पुन्हा सोडायचं. ज्या वेगासाठी हा सगळा उपद्व्याप केला होता तो वेग पार गेला होता. खरं कार्ड, खरं युनिट, माझं खोटं युनिट, त्याची प्रत, एवढा लवाजमा घेऊन आम्ही जुन्या नाटकातल्या कार्डापेक्षाही हळू चाललो होतो. आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघून इतके हसलो की साहेब केबिनमधून बाहेर आले.

"क्या हुआ?"

"सर, चल रहा है," मी म्हटलं. "सिर्फ चल ही रहा है. दौड़ नहीं रहा."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते केबिनमध्ये परत गेले आणि दार लावून घेतलं.

गिऱ्हाईकाकडून एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई आल्या. आम्ही दाखवलं ते त्यांनी शांतपणे पाहिलं. गेस्टला मुद्दाम चुकीचे पत्ते द्यायला लावले, कार्डाने ते मागितले, युनिटने हाकलले, मशीन उभंच. "हे आधीपेक्षा वेगवान आहे का?" त्यांनी विचारलं.

"हे आधीपेक्षा सुरक्षित आहे," साहेब तत्परतेने म्हणाले.

बाई हसल्या आणि त्यांनी तोच प्रश्न मला विचारला. साहेब माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मी अजून विसरले नाही. मी खरं सांगितलं. नोंदी सतत बदलत राहिल्या तर फार हळू. पण सुरुवातीला एकदा सगळ्या नोंदी करून मग त्या हलवल्याच नाहीत, तर आमचं मधे काही कामच नाही, कार्ड पूर्ण वेगात चालेल.

"आमचं सॉफ्टवेअर एकदाच नोंदी करतं," बाई म्हणाल्या. "दिवसभर त्याच वापरतं."

साहेबांच्या जिवात जीव आला. "आम्ही ते लक्षात घेऊनच हे बनवलंय," ते म्हणाले. सहकाऱ्याने टेबलाखालून मला पाय मारला.

त्या बाईंना दोघांपैकी एक जण त्यांच्याकडे, तिकडे हवा होता. खऱ्या युनिटच्या बाजूचं काम करणारा, म्हणून सहकाऱ्याचं नाव ठरलं. मला वाईट वाटलं. खूप वाटलं. मी साहेबांकडे जाऊन सरळ म्हटलं की मलाही जायचंय. "अम्मा," ते म्हणाले, "तू गेलीस तर इथे बरोबर-चूक कोण सांगणार? तो तर नुसता हौ म्हणतो." स्तुती आहे की टोपी घालणं, ते ठरवता आलं नाही. दोन्ही असावं.

मावशीला मी हे जेवताना सांगितलं. तो बाहेर होता. तिने माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "मी त्याला म्हणलं, तिला पाठव, तू राहा. त्याला लय आवडली नाही बात."

"तुम्ही असं म्हणालात?"

"मग? तो गेला तर मला कोण भाजी खुडून देणार? तुला तर देठ मोडता येत नाही नीट." आणि मग, भाकरीचा तवा उतरवता उतरवता, "तू गेली असतीस तरी रडले असते मी. आता तो चाललाय तर रडते. काहीतरी एक होणारच होतं."

बेगमपेठच्या विमानतळावर ती मुळीच रडली नाही. रडला तो. मी त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हटलं, "डोकं लावत जा." तो नाक पुसत म्हणाला, "हौ ना."

तो तिकडेच राहिला. मी ती कंपनी सोडली, दुसरी धरली, तीही सोडली. वरची खोली मात्र सोडली नाही. पुण्याच्या नातेवाईकांनी माझा नाद केव्हाच सोडला होता. मावशीची दृष्टी कमी झाली तेव्हा तिची औषधं माझ्याकडे आली, आणि तिच्याशी भांडायचं कामही, कारण तिला गोळ्या घ्यायला आवडत नाही.

बऱ्याच वर्षांनी एका सकाळी त्याचा फोन आला. नव्या चिपमध्ये युनिट दोन्ही तक्ते स्वतःच वाचतं, तो सांगत होता. गेस्टचा तक्ता एक आणि आपला एक, एकापाठोपाठ एक. मधे कोणी प्रत ठेवायची गरज नाही, कोणी कोणाला काही कळवायची गरज नाही. कंपनीने आमचा जुना कोड काढून टाकायचं ठरवलं होतं.

"मी बोललो, मीच पुसतो," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाच्या हातात कायको द्यायचं?"

"सगळं पुसलंस?"

"हौ."

"माझं खोटं युनिट पण?"

पलीकडे कुठेतरी कुत्रं भुंकलं. "ते पैले पुसलं," तो म्हणाला. "लय अक्षर-अक्षर बघून लिहिलं होतंस गं. पुसायच्या आधी मी पुरं वाचलो."